जुना लॅपटॉप, लिनक्स आणि आपल्या कामांची यादी

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट बंद केले. त्या दिवशी कुणाचाही कम्प्युटर बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशीही तो तसाच सुरू झाला, तसाच हँग झाला, त्यामुळे बहुतेक घरांत ही तारीख कुणाच्या लक्षातही आली नाही. बंद झालं ते न दिसणारं काम, म्हणजे सिस्टीममध्ये नव्यानं सापडणाऱ्या फटी बुजवण्याचं. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेपुरते अपडेट देण्याची सोय कंपनीनं जाहीर केली. म्हणजे प्रश्न वर्षभर पुढे ढकलला गेला इतकंच.

विंडोज ११ घ्यावं तर ते सगळ्यांना घेता येत नाही. त्याला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी लागतात, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. आठवी पिढी आली २०१७ मध्ये. त्याच्या जरा आधीचा, आठ जीबी रॅमचा, बिजागऱ्या शाबूत असलेला आय-फाइव्ह लॅपटॉपसुद्धा अधिकृतपणे बाद ठरतो. अटी चुकवून विंडोज ११ टाकून देणारे आहेत, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

पुण्यात अशी मशीन भरपूर आहेत. हिंजवडी-खराडीच्या कंपन्या काही वर्षांनी लॅपटॉप बदलतात, जुने लॉटनं विकले जातात, आणि त्यातले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक रिफर्बिश्ड होऊन कॉलेजच्या मुलांकडे, क्लासवाल्यांकडे, सोसायटीच्या ऑफिसात जातात. गंमत म्हणजे लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी फुकट टाकता येणारी ऑपरेटिंग सिस्टीम, सगळ्यात बिनतक्रार चालतं ते याच जातीच्या लॅपटॉपवर. कंपन्यांतले कितीतरी इंजिनिअर लिनक्सवरच काम करतात, त्यामुळे या मालिकांचे वायफाय, साउंड, टचपॅड लिनक्सवर चालतात की नाही हे उत्पादक आधीच तपासून घेतात.

लिनक्सचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या निर्णयाला तो फारसा लागत नाही. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये स्वतःच्या पीसीसाठी कर्नल लिहायला घेतला. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, कीबोर्ड यांच्याशी थेट बोलणारा आणि कुठल्या प्रोग्रॅमला किती वाटा मिळणार हे ठरवणारा सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नल. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पानं त्याभोवती लागणारी बरीचशी अवजारं तोवर तयार केली होती, आणि जीपीएल नावाचा परवानाही. प्रोग्रॅम कुणीही वापरावा, त्याचा कोड वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. बदललेला प्रोग्रॅम पुढे देताना मात्र आपला कोडही त्याच अटींवर खुला ठेवावा, असा तो परवाना. १९९२ पासून लिनक्सचा कर्नल त्याखाली आहे. खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येही तोच कर्नल असतो, त्यामुळे 'मी कधी लिनक्स वापरलं नाही' असं म्हणणारी माणसं आता फार उरलेली नाहीत.

नुसता कर्नल घेऊन घरी काही करता येत नाही. त्यावर डेस्कटॉप, ब्राउझर, ऑफिस, सेटिंग असं सगळं बसवून जो तयार संच मिळतो त्याला डिस्ट्रो म्हणतात. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन या डिस्ट्रो. भिंतीवरच्या दिनदर्शिका वेगवेगळ्या प्रकाशकांच्या असतात, पण तारखा-वार सगळीकडे तेच. मांडणी, छपाई आणि मागच्या पानावरचा मजकूर ज्याचा त्याचा. डिस्ट्रोंचंही तसंच आहे. कोणती चांगली यावर लोक वर्षानुवर्षं भांडताहेत, नवख्यानं त्यात पडू नये. विंडोजवरून येणाऱ्याला मी लिनक्स मिंट सांगतो. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजवीकडे घड्याळ, सगळं सवयीच्या जागी असतं. जुलै २०२४ मध्ये आलेल्या मिंट २२ या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. मशीन बरं असेल तर तिची सिनॅमन आवृत्ती घ्यावी, अगदी अशक्त असेल तर एक्सएफसीई. प्रोसेसर ३२ बिटचा असेल तर मात्र नाद सोडावा, आता त्या मशीनचं वय झालं.

सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेचं मुख्यालय आपल्या पुण्यात, आणि सी-डॅकचीही बॉस लिनक्स नावाची डिस्ट्रो आहे, डेबियनवर बेतलेली, भारतीय भाषा समोर ठेवून केलेली. मग ती का नाही, असं कुणी ना कुणी विचारतंच. कारण एवढंच की रात्री साडेदहाला प्रिंटर रुसला आणि उत्तर शोधायला बसलात, तर मिंट-उबुंटूबद्दल जितकं लिहिलेलं सापडतं त्याच्या पासंगालाही बॉसबद्दलचं पुरत नाही.

फुकट आहे, म्हणजे काहीतरी गोम असणार

ही शंका पुण्यात हमखास येते, आणि ती रास्त आहे. लिनक्सवर पैसा कमावला जातो, फक्त तो तुमच्याकडून घेतला जात नाही. बँका, शेअर बाजार, टेलिकॉम कंपन्या यांचे सर्व्हर त्यावर चालतात, आणि ते बंद पडू नयेत म्हणून त्या रेड हॅटसारख्या कंपन्यांना दरवर्षी पैसे मोजतात. हीच रेड हॅट आयबीएमनं २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलरना घेतली; तिचं मोठं ऑफिस पुण्यात आहे. कर्नलमध्ये रोज भर घालणारे बहुतेक लोक इंटेल, गूगल, रेड हॅट अशा कंपन्यांचे पगारी नोकर आहेत. जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांची यादी निघते, तिच्यातला प्रत्येक संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतो. सी-डॅकचा परम सिद्धी-एआय पुण्यात बसलाय, तोही त्या यादीत होता. घरच्या लॅपटॉपला मिळतो तो या सगळ्या खटाटोपातला वाटा. मिंटचा गट त्यामानानं छोटा आहे आणि बराचसा देणग्यांवर चालतो, हेही माहीत असू द्यावं.

तेव्हा 'लिनक्स चांगलं आहे का' हा प्रश्न बाजूला ठेवू. तो केव्हाच निकालात निघाला आहे. 'लिनक्स सोपं आहे का' हाही फार कामाचा प्रश्न नाही, कारण सत्तरीच्या ज्या आजोबांना फक्त ब्राउझर उघडायचा असतो त्यांना ते सोपं जातं, आणि विंडोजवर वीस वर्षं घालवलेल्या अकाउंटंटला अवघड. विचारायचं ते असं : माझ्या कामांपैकी कुठलं काम विंडोजला बांधलेलं आहे? त्यासाठी एक कोरा कागद घ्यायचा आणि आठवडाभर त्या कम्प्युटरवर घरातलं कोण काय काय करतं ते लिहून काढायचं. 'इंटरनेट' असं मोघम लिहायचं नाही. लाइट बिल, सातबारा, मुलीच्या कॉलेजचा फॉर्म, आईचं भजनी मंडळाचं पत्रक, असं लिहायचं.

यादीतलं बरंचसं काम ब्राउझरमध्ये होतं, आणि ते जसंच्या तसं चालतं. फायरफॉक्स मिंटमध्ये असतोच, क्रोम हवा तर तोही मिळतो. बँक, प्रॉपर्टी टॅक्स, रेल्वेचं तिकीट, व्हॉट्सअॅप वेब, यूट्यूब, मीट, या कुणालाच खालची सिस्टीम कोणती आहे याच्याशी घेणंदेणं नाही. आधारच्या ओटीपीनं इन्कम टॅक्स रिटर्न भरत असाल तर तेही इथेच आलं.

ऑफिसचं काम दुसरं. मायक्रोसॉफ्ट ऑफिस लिनक्सवर बसत नाही, त्याची ब्राउझरमधली आवृत्ती वापरता येते. मिंटमध्ये लिबर ऑफिस येतं. ओपन ऑफिसमधून २०१० मध्ये वेगळा झालेला हा प्रकल्प आहे. अर्ज, पत्र, हिशोबाचं साधं शीट यांना ते पुरून उरतं. वर्डच्या फाइल उघडतात, सेव्हही होतात. फाटे फुटतात ते तक्ते, चौकटी, शिक्के यांनी गच्च भरलेल्या फाइलमध्ये, आणि मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, असलेल्या एक्सेलमध्ये. ऑफिसची अशी शीट रोज येत-जात असतील तर तिथे हट्ट धरू नये. एकदाच पाठवायचं असेल तर पीडीएफ करून पाठवावं.

मराठीचं काय?

आपल्याकडचा खरा पेच इथे आहे, आणि लिनक्सवरच्या इंग्रजी लेखांत तो कधीच नसतो.

आधी एक चाचणी करा. तुमची जुनी मराठी फाइल उघडा, दोन ओळी कॉपी करा आणि व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवा. मराठी दिसली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या नव्या पद्धतीत आहे. काहीही काळजी नाही. मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस यांचा काला दिसला तर मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आहे, शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपीचे जुने फॉन्ट यांपैकी कशात तरी. अशा फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठीचा वेश चढवतो.

युनिकोडवाल्यांना एकच गोष्ट खटकेल. सरकारी पत्रं बहुतेक मंगल फॉन्टमध्ये असतात, आणि मंगल मायक्रोसॉफ्टचा असल्यामुळे लिनक्समध्ये येत नाही. त्याच्या जागी लोहित किंवा नोटो देवनागरी वापरला जातो. अक्षर न् अक्षर बरोबर असतं, पण ओळ वेगळ्या ठिकाणी तुटते, आणि एका पानात बसवलेलं पत्र दुसऱ्या पानावर दोन ओळी सांडतं. जिथे पान मोजून द्यायचं आहे तिथे याकडे बघावं, इतरांनी सोडून द्यावं.

जुन्या फॉन्टवाल्यांचं मात्र अवघड आहे. फॉन्टची फाइल हाताशी असेल तर ती लिनक्समध्ये टाकून मजकूर वाचता येतो, छापता येतो. पण श्रीलिपी किंवा सी-डॅकचं आयएसएम यांसारखी टाइप करण्याची सॉफ्टवेअर विंडोजसाठी केलेली आहेत. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. त्यातून काढलेला मजकूर रफार आणि जोडाक्षरांपाशी एकदा डोळ्यांखालून घालावाच लागतो. नारायण पेठेत डीटीपीचं दुकान चालवणाऱ्याला पेजमेकर, कोरल आणि श्रीलिपी सोडा असं सांगणं हा आगाऊपणा आहे. त्यांनी ते मशीन आहे तसं ठेवावं आणि त्याला इंटरनेट जोडू नये.

टाइप करायला लिनक्स उलट बरं आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडली की इनस्क्रिप्ट मिळतो, वेगळं काही उतरवावं लागत नाही. १९८६ मध्ये ठरलेली ही रचना सगळीकडे एकसारखी आहे. विंडोजवर शिकलेली बोटं इथे तशीच चालतात. 'दऱ्या' आणि 'सुऱ्या' मधला तो आडवा र काढताना अनेक जण अडतात. इनस्क्रिप्टमध्ये इंग्रजी J च्या कळीवर र आहे आणि शिफ्टसह त्याच कळीवर ऱ. त्यापुढे हलन्त आणि य दिला की झालं. रोमन अक्षरांत उच्चार टाइप करून मराठी उमटवायची सवय असेल तर आयबस आणि त्याच्या जोडीला एम-सतरा-एन ही दोन नावं सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये शोधून बसवायची आणि भाषेत मराठीची फोनेटिक रचना निवडायची. पहिले चार दिवस चुका होतात, कारण प्रत्येकाची स्पेलिंगची सवय वेगळी.

हिशोब, सही, अंगठा

टॅली विंडोजवरचं आहे. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवून देणाऱ्या वाइन नावाच्या थरातून ते चालवणारे आहेत, पण मार्चअखेरीला जीएसटीचा आकडा जुळत नसताना तो थर अडला तर तुमचे सीए तुम्हाला काय म्हणतील याचा विचार करावा. डिजिटल सहीचं टोकन, म्हणजे डीएससी, हेही असंच. काही टोकनांचे लिनक्ससाठी ड्रायव्हर मिळतात. पण टोकनचा ड्रायव्हर, सही करून देणारा छोटा प्रोग्रॅम, ब्राउझर आणि पोर्टल या चौघांचं एकाच वेळी जमावं लागतं. विंडोजवरसुद्धा ते जमताना घाम फुटतो. टेंडर भरणाऱ्या माणसाला मी लिनक्स सुचवणार नाही. अंगठ्याच्या मशीनवर आधारची कामं करणाऱ्या सेवा केंद्रवाल्यांनाही नाही.

पण याचा अर्थ घरातले सगळे विंडोजला बांधलेले आहेत असा होत नाही. एका घरात वडिलांचं टॅलीचं मशीन विंडोजवर आणि मुलांचा लॅपटॉप लिनक्सवर असं सुखानं नांदू शकतं. मुलगा-मुलगी कम्प्युटर इंजिनिअरिंगला असेल तर लिनक्स त्यांना शिकावंच लागतं. पुणे विद्यापीठाच्या प्रॅक्टिकलच्या पुस्तिकांतही त्याचीच शिफारस असते. मेकॅनिकल, सिव्हिलवाल्यांनी आधी ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स आठवावं. ती लिनक्सवर बसत नाहीत. केरळच्या सरकारी शाळांत गेली कितीतरी वर्षं मुलं उबुंटूवर आधारित सिस्टीमवर शिकताहेत, त्यांना कुणी 'हे अवघड आहे' असं आधी सांगून ठेवलेलं नसतं. फोटोशॉप चालत नाही. गेम बरेच चालतात, व्हॅलोरंट चालत नाही. ज्याला व्हॅलोरंट हवं त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

प्रिंटर

प्रिंटरबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण लिनक्सवर आलेली माणसं परत विंडोजकडे वळतात ती पुष्कळदा प्रिंटरपायी.

कॅननचा एलबीपी २९०० तुम्ही पाहिलेला आहेच, नाव माहीत नसलं तरी. वकिलांच्या टेबलावर, झेरॉक्सच्या दुकानात, सोसायटीच्या ऑफिसात बसलेला तो छोटा लेझर प्रिंटर. मरत नाही, टोनर स्वस्तात भरून मिळतो. पण तो कॅननच्या स्वतःच्याच भाषेत कम्प्युटरशी बोलतो, आणि त्या भाषेचा लिनक्स ड्रायव्हर जुना आणि लहरी आहे. जमतं, पण एक संध्याकाळ जाते आणि मोठ्या अपडेटनंतर पुन्हा जाऊ शकते. एचपीचं बरं आहे. एचपी लिनक्ससाठी स्वतःच सॉफ्टवेअर देते, बहुतेक प्रिंटर केबल लावल्यावर ओळखले जातात, फक्त लेझरजेट १०२० सारख्या काही जुन्या मॉडेलना एकदा इंटरनेटवरून एक प्लगइन उतरवून द्यावं लागतं. अलीकडचे वायफाय प्रिंटर तर ड्रायव्हरशिवाय चालतात. घरच्या वायफायला जोडले की यादीत आपोआप दिसतात. फोनवरून थेट प्रिंट देता येत असेल तर लिनक्सवरूनही बहुतेक देता येईल, हा माझा ठोकताळा.

वेगाबद्दलचा भ्रम

लिनक्स टाकलं की लॅपटॉप पळायला लागतो, असं सर्रास सांगितलं जातं. अर्धं खरं आहे. सिस्टीम स्वतः कमी मेमरी खाते, पार्श्वभूमीला उगाच काही करत बसत नाही. पण क्रोममध्ये वीस टॅब उघडले की ते वीस टॅब लिनक्सवरही तेवढीच रॅम मागतात. मिंट दोन जीबी रॅमवर सुरू होतं खरं. आजच्या वेबसाइट मात्र दोन जीबीवर उघडत नाहीत. चार जीबीवर बेताबेतानं चालतं, आठ असली की निवांत.

लॅपटॉपमध्ये अजून फिरणारी हार्डडिस्क असेल तर ती काढून एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. सिस्टीम बदलण्यानं जितका फरक पडतो त्याहून जास्त फरक या एका बदलानं पडतो, आणि तो विंडोजवरही पडतो. तपकीर गल्लीत किंवा घराजवळच्या रिपेअरवाल्याकडे तासाभराचं काम आहे. दुकानदार सवयीनं विचारेल, "काका, विंडोज पण टाकून देऊ का?" त्या विंडोजचं लायसन्स कुठून येणार हे विचारलं की तो हसतो. क्रॅक मारलेल्या विंडोजमध्ये त्या क्रॅकनं आणखी काय काय आत सोडलं आहे हे कुणालाच ठाऊक नसतं, टाकणाऱ्यालाही.

या एसएसडीचा दुसरा फायदा आहे, आणि माझ्या मते तोच मोठा. जुनी हार्डडिस्क विंडोजसकट, एकाही फाइलला हात न लावता बाहेर निघते. ती पाकिटात घालून कपाटात ठेवायची. लिनक्स नव्या एसएसडीवर टाकायचं. नाही पटलं तर स्क्रू काढून जुनी डिस्क परत बसवली की कम्प्युटर कालच्यासारखा. मधल्या काळात जुनी फाइल हवी झाली तर डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घालून पेनड्राइव्हसारखी वाचता येते. एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवण्याची पद्धत लोकप्रिय आहे, पण त्यात पार्टिशन कापावं लागतं, म्हणजे डिस्कचे भाग पाडावे लागतात, आणि वर्षानुवर्षांचे फोटो ज्या डिस्कवर आहेत तिच्यावर पहिल्यांदाच कात्री चालवू नये. जागेअभावी तसंच करायचं असेल तर आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे घ्यावीत. शिवाय अशा मशीनवर परत विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ कधी कधी साडेपाच तास मागे दिसतं. बिघाड नसतो तो. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच वेळ इथली समजतं. फरक आपल्या प्रमाणवेळेचा. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की मिटतं.

आधी पेनड्राइव्हवरून बघा

काहीही न बदलता लिनक्स चालवून पाहता येतं, हे बहुतेकांना माहीत नसतं. मिंटची फाइल साधारण तीन जीबीची आहे. ती उतरवून रुफस किंवा एचर या प्रोग्रॅमनं आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहायची (पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, लग्नाचा व्हिडिओ असलेला घेऊ नका). पेनड्राइव्ह लावून कम्प्युटर सुरू करताना बूट मेन्यूची कळ दाबायची. डेल आणि लेनोव्होवर बहुतेक एफ-१२, एचपीवर एफ-९. मग पेनड्राइव्ह निवडायचा. दोन-तीन मिनिटांत पूर्ण डेस्कटॉप येतो, आणि डिस्कवरचं विंडोज जागच्या जागी असतं.

या अवस्थेत वेग पाहू नका, पेनड्राइव्हवरून ते रेंगाळणारच. वायफाय जोडलं जातंय का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, ब्राइटनेसच्या कळा चालतात का, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, आणि प्रिंटर जोडून एक पान निघतं का ते पाहा. वायफायनं दगा दिला तर अँड्रॉइड फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा. इंटरनेट मिळालं की राहिलेला ड्रायव्हर मिंट बहुतेक वेळा स्वतः शोधून देतं. काही ब्रॉडकॉम आणि रिअलटेक वायफाय चिप या बाबतीत बदनाम आहेत.

बायोसमध्ये, म्हणजे कम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, हात घालण्याआधी एक गोष्ट नक्की करा. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या सोयीनं कुलूपबंद असते, मालकाला पत्ताही नसतो. बूटची सेटिंग बदलली की विंडोज अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की मागतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असू शकते. आधीच काढून कागदावर लिहून ठेवा. जुनी डिस्क केसिंगमध्ये घालून वाचायलाही तीच लागेल.

एकदा लिनक्स बसलं की रोजचं जगणं सुरू होतं, आणि त्यात नवं शिकण्यासारखं एकच आहे. सॉफ्टवेअर वेबसाइटवर शोधून उतरवायचं नसतं, फोनच्या प्ले स्टोअरसारखं सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्यायचं असतं. काळ्या खिडकीत कमांड टाइप कराव्या लागतात ही जुनी भीती आहे. घरगुती वापराला टर्मिनल क्वचितच लागतं. लागलंच तर कुठून तरी सापडलेली, सुडोनं सुरू होणारी, अर्थ न कळलेली ओळ तशीच चिकटवू नका. सुडो म्हणजे मालकाच्या अधिकारानं केलेलं काम. त्या ओळीनं तुमच्या सगळ्या फाइल पुसल्या तरी सिस्टीम अडवणार नाही. पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट सुरू करून ठेवा, ते सिस्टीमची मागची अवस्था जपून ठेवतं आणि बिघडलेला अपडेट मागे फिरवता येतो. फोटो मात्र ते जपत नाही, त्यांचा बॅकअप वेगळा.

व्हायरस येत नाही हे थोडं वाढवून सांगितलेलं असतं. ईमेलमधून आलेली विंडोजची एक्झी फाइल इथे चालत नाही, आणि सिस्टीम बदलायला दर वेळी पासवर्ड मागितला जातो, त्यामुळे रोजचा बराच त्रास वाचतो. पण फोनवर पोलिस असल्याचं सांगून 'डिजिटल अटक' करणाऱ्याला किंवा ओटीपी मागणाऱ्याला कुठलीच ऑपरेटिंग सिस्टीम थांबवत नाही.

अडलं तर विचारायला माणूस हवा, आणि विंडोजचा खरा जोर इथे आहे. गल्लीत कुणालाही ते येतं. पुण्यात लिनक्स जाणणाऱ्यांचा तुटवडा नाही. पुणे लिनक्स युजर्स ग्रुप जुना आहे, आणि तुमच्याच इमारतीत सर्व्हर सांभाळणारी निदान एक मुलगी किंवा मुलगा असतोच. आई-वडिलांच्या मशीनवर लिनक्स टाकणार असाल तर पहिले काही महिने मदतीला तुम्हीच आहात हे धरून चाला, आणि परगावी राहत असाल तर दुरून स्क्रीन पाहण्याची सोय आधी लावून घ्या.

राहिला रिपेअरवाला. बिजागरी बदलायला किंवा कीबोर्ड साफ करायला दिलेला लॅपटॉप सुरू करून पाहताना त्याला ओळखीचं विंडोज दिसत नाही, आणि 'सिस्टीम करप्ट झाली होती, फॉरमॅट मारून विंडोज टाकून दिलं, त्याचे वेगळे घेतले नाहीत' असं तो मोठ्या मनानं सांगतो. म्हणून मशीन देताना तळाशी एक पट्टी चिकटवून द्यावी : 'यात लिनक्स आहे. विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.' खाली फोन नंबर. पाटी लिहिण्यात आपण कमी पडणार नाही.